शनीवरून आलेली मावशी

गल्लीतले सगळे त्याला डायरेक्टर म्हणायचे. त्यात निम्मा मान असायचा आणि निम्मी चेष्टा, पण मानाचा वाटा तेवढा त्याने उचलला आणि बाकीच्याकडे कानाडोळा केला. पोटापाण्याचा धंदा टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचा. दुकानात पाठ उघडून ठेवलेले टीव्ही, सोल्डरिंगचा वास, आणि 'उद्या देतो' म्हणून महिनोन् महिने पडून राहिलेले लोकांचे रेडिओ. सुट्टीचा दिवस उजाडला की हा गृहस्थ शटर अर्ध्यावर ओढायचा, व्हिडिओ कॅमेरा खांद्यावर टाकायचा आणि पृथ्वी वाचवायला निघायचा.

पृथ्वीवर संकट आणायचं काम बायकोकडे होतं. ती शिवणकाम करायची. शर्टाची झिजलेली कॉलर उसवून, उलटवून, नव्यासारखी बसवून देण्यात आसपास तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. डायरेक्टरच्या पिक्चरमध्ये जे काही हिरवं, खवलेदार, लिबलिबीत असेल ते तिने शिवलेलं असायचं, आणि आतही तीच असायची. जुन्या सोफ्याचा फोम, बाथरूममधल्या रबरी चटईचे खवले, टेबल टेनिसच्या चेंडूंचे डोळे, हातमोज्यांना चिकटवलेल्या प्लॅस्टिकच्या चमच्यांची नखं. दरवेळी स्वतःच्याच मापाने का शिवतेस असं कोणी विचारलं तर म्हणायची, "दुसऱ्याच्या मापाने शिवला आणि तो आयत्या वेळी आलाच नाही, तर राक्षस आणू कुठून?"

बाकीची मंडळीही गल्लीतलीच. पोस्टमन हा कायमचा रोबो, कारण जुन्या गीझरच्या पत्र्यात मावेल इतका काटकुळा तोच होता. पुढे तो निवृत्त झाला, केस गेले, पोट सुटलं, तरी लोक त्याला रोबोच म्हणत राहिले. उडती तबकडी म्हणजे प्रेशर कुकरचं झाकण. ते ज्या दोऱ्याला टांगलेलं असायचं तो दोरा अख्ख्या थिएटरला दिसायचा, एकट्या डायरेक्टरला सोडून. स्फोट म्हणजे मूठभर पीठ आणि टेबलफॅन. हा माणूस कॅमेऱ्याला डोळा लावायचा आणि त्याला खरोखरच शहर उडताना दिसायचं. असं वेड फार थोड्यांच्या वाट्याला येतं, आणि ते सांभाळणारी बायको तर त्याहून थोड्यांच्या.

त्याचा एक कडक नियम होता. टेप पिक्चरसाठी, घरासाठी नाही. टेप मिळायची मारामार, त्यामुळे एक पिक्चर पुरा झाला की त्याच टेपांवर पुढचा घ्यायचा. लेकीचे वाढदिवस, तिची शाळेतली नाटकं, बायको खिडकीपाशी मशीनवर बसून सुईत दोरा ओवताना, यातल्या कशावरही त्याने टेप घालवली नाही. बायकोने कधी तक्रार केली नाही. तिचं सगळं बोलणं हातांत होतं. समोरच्याची कॉलर वाकडी दिसली की तिचे हात आपोआप पुढे जायचे. नवऱ्याची, गिऱ्हाइकाची, बँकेच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या, जन्मात न पाहिलेल्या माणसाची. कॉलर सारखी करायची, मग खांद्यावरचा नसलेला दोरा झटकायचा. लोक आधी दचकायचे, मग हसायचे, आणि ती ओशाळून म्हणायची, "हात थांबतच नाहीत मेले."

त्याच सवयीने एकदा घात केला.

'शनीवरून आलेली मावशी' हा त्यांचा सगळ्यात गाजलेला पिक्चर. शनीवरचा एक भयंकर जीव पृथ्वीचा नाश करायला म्हणून एका घराच्या दारात उतरतो, आणि घरातल्यांना वाटतं, लांबची मावशी आली. मग काय, ते त्याला नाश करायला सवडच देत नाहीत. बसा, टेका, प्रवास कसा झाला, किती सुकलात हो, आता आलाच आहात तर चार दिवस राहा. बिचारा जीव किरणांची बंदूक काढतो, तर कोणीतरी म्हणतं, छत्री तिकडे कोपऱ्यात ठेवा. लोक हसून हसून बेजार व्हायचे. त्या पिक्चरनंतर गल्लीतली झाडून सगळी पोरं तिला मावशी म्हणायला लागली, आणि पोरांच्या आयाही.

पण डायरेक्टरच्या मनात शेवट वेगळा होता. मावशी खरी कोण हे शास्त्रज्ञाला कळतं आणि ती त्याचा गळा दाबते. तिथे लोकांचं हसू घशात अडकलं पाहिजे, अंगावर सर्रकन काटा आला पाहिजे, हे त्याने सगळ्यांना बजावून सांगितलं होतं. शास्त्रज्ञाचं काम करणारा त्या दिवशी तापाने फणफणला, म्हणून पांढरा कोट चढवून डायरेक्टर स्वतः उभा राहिला आणि कॅमेरा रोबोकडे दिला. उजेड चालला होता. जे व्हायचं ते एकदाच होणार होतं.

मावशीने घरघर केली. नखं उगारली. नखं गळ्यापर्यंत आली आणि तिथे थांबली. मुखवट्याच्या नाकपुड्यांतून तिला जग दिसायचं ते चिमूटभर, पण त्या चिमूटभर जगात नवऱ्याची वाकडी कॉलर आली. चमच्यांच्या नखांनी तिने ती सारखी केली. खांद्यावरचा दोरा झटकला. आणि मग गळा दाबला.

पहिल्या शोला त्या जागी जो हशा उठला, त्याने छप्पर उडायचं तेवढं बाकी राहिलं. डायरेक्टर मागच्या दाराशी उभा होता. लोक हसतात याचा त्याला कधी राग नव्हता. पण जिथे त्यांनी घाबरायचं, तिथेच सगळ्यात मोठ्याने हसले, हे त्याच्या फार जिव्हारी लागलं. घरी येऊन त्याने दोन व्हिडिओ मशीन समोरासमोर मांडली आणि तेवढा तुकडा गाळून नवी कॉपी उतरवली. जुनी पुसून टाकली. आता नखं गळ्याकडे निघायची, पडद्यावर चित्र एकदा हिसका खायचं, आणि नखं एकदम गळ्यावर.

दुसऱ्या दिवशी बायकोने ते बघितलं. "माझा हात कुठे गेला?" तिने विचारलं.

"चूक होती ती," तो म्हणाला.

"हो का," ती म्हणाली, आणि उसवायला घेतलेली कॉलर पुन्हा हातात घेतली.

त्यानंतर तो स्वतःच्या पिक्चरला कधी आत बसला नाही. गावात एक लहानसं थिएटर होतं. ते दरवर्षी मावशीचा शो लावायचं आणि तीच तीच माणसं तोच तोच पिक्चर बघायला यायची, पोराबाळांना घेऊन, पुढे नातवंडांना घेऊन. डायरेक्टर मशीन जोडून द्यायचा, चित्र बरोबर आलं की बाहेर पडायचा आणि सायकलस्टँडपाशी फेऱ्या मारत राहायचा. बायको मात्र पहिल्या रांगेत, रोबोच्या शेजारी. परत येताना त्याचा प्रश्न ठरलेला.

"त्या जागी हसले का?"

"नाही हो. त्या जागी कोणी हसत नाही."

"अगदी चिडीचूप?"

"अगदी चिडीचूप."

मग त्याला बरं वाटायचं. आपला शेवट साधला, लोकांचं हसू घशात अडकतं, हे त्याने इतकी वर्षं मनाशी धरून ठेवलं होतं. बाकी आयुष्यात फारसं काही साधलं नव्हतं, पण ती एक जागा साधली होती.

आणि मग ती गेली. आजारपण छोटंसंच. दवाखान्यातही डॉक्टरच्या पांढऱ्या कोटाची कॉलर तिने एकदा सारखी केली होती, असं लेक सांगायची.

लेक नोकरीनिमित्त दुसऱ्या गावी असायची. ती रजा टाकून राहायला आली. बापलेक एका घरात एकमेकांना चुकवत वावरत होते. तो दिवसभर दुकानात बसायचा, शटर अर्ध्यावर. गिऱ्हाइकांना वाटायचं काम करतोय. तो पिक्चर बघत होता. सगळे, एकामागून एक. फोटो होते घरात, नाही असं नाही, पण फोटोत ती फोटोसारखी उभी राहायची, खांदे वर आणि ओठ मिटलेले. त्याला ती हलताना हवी होती.

प्रत्येक पिक्चरमध्ये ती होती आणि एकातही दिसत नव्हती. कुठे तिच्यावर खवले, कुठे शेपूट, कुठे डोक्यावर उलटी ठेवलेली चाळणी. आवाज घरघरीचा. चालही तिची नव्हती, डावा पाय फरफटत चालायला त्यानेच शिकवलं होतं. जिथे बघावं तिथे त्याने सांगितलेलं ती करत होती. तिने आपल्या मनाने काही केलं होतं ते एकाच जागी, आणि ती जागा त्याने कापली होती. हे ध्यानात आलं तेव्हा त्याने मशीन बंद केलं.

अशात थिएटरवाली आली. बापाच्या मागे थिएटर तीच चालवायची. तिकिटं तीच फाडायची, पडदाही तीच झाडायची. लहानपणी याच पिक्चरला हसता हसता तिचा दुधाचा दात पडला होता, असं ती दर भेटीला सांगायची.

"काका, मावशींसाठी शो लावू या," ती म्हणाली. "लोक विचारतायत."

"लावू. पण थोडं थांब," तो म्हणाला. "त्यात एक तुकडा परत घालायचाय."

"कुठला तुकडा?"

"होता एक. हाताचा."

थिएटरवालीने त्याच्याकडे जरा विचित्र नजरेने बघितलं. काहीतरी बोलणार होती, पण तिने ते गिळलं. "बरं काका," एवढंच म्हणाली आणि गेली.

त्याने मूळ टेपा काढल्या. कपाटातल्या, माळ्यावरच्या, जुन्या टीव्हीच्या रिकाम्या खोक्यात ठेवलेल्या. एकेक मशीनमध्ये घालून शेवटपर्यंत बघायचा, न जाणो, एखाद्या टेपचं शेपूट पुसायचं राहिलं असेल. ज्या टेपवर मावशीचा शेवट घेतला होता ती सापडली. चिकटपट्टीवर बायकोच्याच अक्षरात 'गळा' असं लिहिलेलं होतं, वर एक रेघ मारून पुढच्या पिक्चरचं नाव. त्याने ती लावली. तिचा हात जिथे असायला हवा होता तिथे प्रेशर कुकरचं झाकण उडत होतं. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, मनासारखं जमेपर्यंत घेतलेलं. टेप संपेपर्यंत झाकणच. आणि आता त्यालाही दोरा दिसला.

एक विचार मात्र उरला होता, आणि तो विचार वेड्याचा होता. हात परत घ्यायचा. पोशाख होता, पांढरा कोट होता, कॅमेरा होता. आणि आईची अंगकाठी लेकीत जशीच्या तशी उतरली होती.

"मी? त्या पोशाखात?" लेक म्हणाली.

"पाच मिनिटांचं काम आहे. पाठमोरीच आहेस. तुझे फक्त हात दिसणार."

लेकीने नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि बापाचा चेहरा बघून मिटलं.

पोशाख कपाटावर चादरीत गुंडाळलेला होता. फोम इतका जुना झाला होता की हात लावला की पिवळा भुगा पडायचा. पाठीची चेन दरवेळी बायकोच दोन टाक्यांनी पक्की करायची. लेकीने सेफ्टी पिना लावल्या. दुकानातले टीव्ही बाजूला सारून जागा केली, दिवे लावले, कॅमेरा स्टँडवर चढवला. मुखवटा चढवताना डायरेक्टरने हळूच विचारलं, "आत तिचा वास येतो का गं?"

आत लेकीने एकदा खोल श्वास घेऊन बघितला. मग लेक म्हणाली, "फोमचा येतो, बाबा."

त्याने कोट घातला. कॉलर आपल्या हाताने एका बाजूने दुमडली. लेकीने नखं उगारली, गळ्याशी आणली, कॉलर नीट केली, खांदा झटकला.

"तसं नाही," तो म्हणाला.

पुन्हा केलं.

"तसं नाही. फार नीट करतेयस. तुला ठाऊक आहे असं वाटतंय."

"मला ठाऊक आहेच ना, बाबा."

"तिला ठाऊक नव्हतं! तिचे हात आपले आपण गेले होते. पुन्हा कर."

लेकीने पुन्हा केलं. हळू केलं, भरभर केलं, नखं थरथरवून बघितली, मान वळवून बघितली. दरवेळी त्याचं 'तसं नाही'. त्याचा आवाज चढत गेला. शूटिंगला तो असाच ओरडायचा आणि सगळे हसून सोडून द्यायचे. मग एकदा नखं कॉलरवर आली आणि तिथेच थांबली. पोशाखाचे खांदे हलायला लागले.

डायरेक्टरला हसू आलं. किती दिवसांनी आलं. "बघ, बघ," तो म्हणाला, "तुझी आईही अशीच. हसायला लागली की आतल्या आत हसत सुटायची. सगळं शूटिंग थांबायचं." खांदे हलतच होते. तो हसतच होता. मुखवट्याच्या हनुवटीखालून पाण्याचा एक थेंब त्याच्या पांढऱ्या कोटावर पडला. मग दुसरा.

चेन अडकली होती. पिना त्याच्या बोटांना सापडेनात. शेवटी त्याने मुखवटा तसाच ओढून काढला, तेव्हा एक चेंडूचा डोळा निखळून टेबलाखाली गेला. लेकीचा चेहरा घामाने आणि रडण्याने लाल झाला होता, केस कपाळाला चिकटले होते.

"तुम्हाला तो हात हवाय, बाबा," ती म्हणाली. "मला आई हवी होती. एकदा तरी कॅमेरा तिच्याकडे फिरवायचा होतात. साध्या कपड्यांत. एकदा."

"टेप..." तो म्हणाला.

लेक पोशाख उतरवून घरात गेली. तो तिथेच खाली बसला, मुखवटा मांडीवर घेऊन. पोशाखाचे खांदे हलताना त्याने किती वेळा बघितले होते. भर उन्हात खडीच्या खाणीत, इथे दुकानात, तो ओरडल्यावर, काम संपता संपेना तेव्हा. दरवेळी तो रोबोला म्हणायचा, बघ, लागली हसायला. आत मुखवट्याखाली ती हसतच होती का, हे आता कोणाला विचारणार? त्याला जोराची भीती वाटली. इतके पिक्चर काढले, पण भीती म्हणजे काय हे त्याला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी त्याने टेप आहे तशी, हिसक्यासकट, थिएटरवालीच्या हातात दिली.

शोला सगळे आले. थिएटर फुलून गेलं, मागे लोक उभे राहिले. डायरेक्टरने मशीन जोडलं, चित्र बरोबर आल्याचं बघितलं आणि सवयीने दाराकडे निघाला. दारात रोबो आडवा उभा होता.

"आज नाही," रोबो म्हणाला. "आज आत बस."

"मला जमणार नाही रे."

"वहिनींची खुर्ची रिकामी आहे. मी एकटा काय करू त्या खुर्चीशेजारी? चल."

रोबोने त्याला दंडाला धरून पहिल्या रांगेत नेलं आणि तिच्या खुर्चीत बसवलं. पलीकडे लेक होती. त्या संध्याकाळनंतर बापलेकींचं धड बोलणं झालं नव्हतं. तिने नुसती बॅग उचलून मांडीवर घेतली आणि त्याला जागा करून दिली.

दिवे गेले. कुकरचं झाकण शनीवरून निघालं आणि दोऱ्याने लटकत पृथ्वीवर उतरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशी दारात आली तेव्हा अख्खं थिएटर एका सुरात म्हणालं, "या, बसा, टेका!" डायरेक्टर चपापला. त्यांना सगळं तोंडपाठ होतं. छत्री तिकडे कोपऱ्यात ठेवा, हे तर म्हाताऱ्या बायकांनी पडद्याच्या आधीच म्हणून टाकलं. रोबो पडद्यावर गीझरच्या पत्र्यात अडकून गोल गोल फिरला, तेव्हा शेजारचा खरा रोबो पोट धरून हसला. ज्याला तो आयुष्यभर चेष्टा समजत आला, तो हा आवाज होता. आत बसून ऐकला तर त्यात चेष्टा सापडत नव्हती. लोक आपल्या घरच्या माणसाला हसतात तसे हसत होते.

मग शेवट आला. शास्त्रज्ञ मागे सरकला. तरुण डायरेक्टर, पांढऱ्या कोटात, वाकड्या कॉलरीने. मावशीने नखं उगारली. हशा विरला. थिएटर चिडीचूप झालं, अगदी ती सांगायची तसं. डायरेक्टरने श्वास रोखला. नखं गळ्याकडे निघाली आणि चित्राने हिसका खाल्ला.

आणि अंधारात कपड्यांची सळसळ झाली. त्याने मागे वळून बघितलं. रांगेरांगेत लोक एकमेकांकडे वळले होते. नवरा बायकोकडे, आजी नातीकडे, अनोळखी माणूस शेजारच्या अनोळखी माणसाकडे. कॉलरी सारख्या करत होते. ज्याला कॉलर नव्हती त्याचा स्कार्फ, नाहीतर स्वेटरचा गळा. मग प्रत्येकाने समोरच्याच्या खांद्यावरचा नसलेला दोरा झटकला. कोणी हसलं नाही. मागे मशीनपाशी उभी असलेली थिएटरवालीसुद्धा शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याची कॉलर ओढत होती.

डायरेक्टरने रोबोकडे बघितलं. रोबोने आपली कॉलर एका बाजूने दुमडून ठेवली होती आणि मान त्याच्याकडे करून तो वाट बघत होता.

"हे काय आहे?" डायरेक्टरने विचारलं.

"तू कापल्यावर पहिला शो झाला ना," रोबो कुजबुजला, "तेव्हा वहिनी इथे माझ्याकडे वळल्या आणि कॉलर सारखी केली माझी. म्हणाल्या, 'भावजी, इथे हे होतं.' मागच्यांनी बघितलं, त्यांनीही केलं. मग दरवर्षी."

"मला का नाही सांगितलंत कोणी?"

रोबोने आवाज आणखी खाली आणला. "वहिनींनीच नको म्हटलं होतं. हसत म्हणाल्या, 'त्यांना सांगू नका हं. कळलं तर हेही कापतील.'"

पडद्यावर टेबलफॅन लागला, पीठ उडालं, मावशीच्या चिंधड्या झाल्या आणि लोक पुन्हा हसायला लागले. रोबोची मान अजून तशीच वळलेली होती. डायरेक्टरच्या नजरेला ती दुमडलेली कॉलर दिसत होती, पण मन तिथे नव्हतं. मन 'हेही कापतील'पाशी अडकलं होतं, आणि त्या हसत म्हटलेल्या वाक्यात किती वर्षं मुरली होती ते चाचपत होतं. त्याचा हात कधी उठला ते त्याला कळलं नाही. बोटांनी कॉलर धरली, सारखी केली. खांदा झटकला.

"तसंच," लेक म्हणाली. तिने त्याचं मनगट धरलं होतं. "बाबा, अगदी तसंच करायची."

दिवे लागले. लोक उठले, त्याच्याजवळ येऊन दोन शब्द बोलून गेले. एवढ्या गर्दीत कॉलर वाकडी राहिली होती ती त्याच्या एकट्याचीच. बायको गेल्यापासून ती तशीच असायची. थिएटरवालीच्या ते ध्यानात आलं, तिने हात पुढे केला, पण लेकीने डोळ्यांनीच नको म्हणून खुणावलं.

बाहेर सायकलस्टँड रिकामा होत होता. टेपची पिशवी घेऊन बापलेक रस्त्याला लागले. बायको दरवर्षी ज्या वळणावर त्याला गाठायची, त्या वळणावर तो सवयीने रेंगाळला आणि बाजूला मान वळवून म्हणाला, "त्या जागी हसले का?"

लेक दोन पावलं मागे थांबली. रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. मग डायरेक्टरनेच उत्तर दिलं, हळू, बायकोच्या आवाजात बोलल्यासारखं.

"नाही हो. त्या जागी कोणी हसत नाही."

आणि तो तसाच, वाकड्या कॉलरीने, घराकडे चालायला लागला.